चड्डीच्या खोक्यावरचा माणूस कुठून आला

बडोद्यात मंगळ बाजारात होजिअरीवाल्यांकडे बघा, खोक्यांच्या रांगेवर एकच माणूस असतो, चेहरे वेगळे पण पोट तसंच सपाट आणि छाती तशीच तासलेली. हा माणूस घडवण्यात गे पुरुषांचा हात किती मोठा आहे हे आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

मुळात वस्तू निव्वळ सोयीची. १८७४ मध्ये बॉस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकल दामटणाऱ्यांचे हाल व्हायचे म्हणून चार्ल्स बेनेटने जॉकस्ट्रॅप काढला, पुढे झोळी आणि मागे नुसते पट्टे. मग १९ जानेवारी १९३५ ला शिकागोच्या मार्शल फील्ड्स दुकानाने कूपर्स कंपनीची पहिली ब्रीफ, म्हणजे आपली जॉकी, शोकेसमध्ये लावली. बाहेर बर्फाचं वादळ, असल्या थंडीत एवढीशी चड्डी कोण घेणार म्हणून मॅनेजर म्हणाला काढा ते सगळं, आणि काढेपर्यंत ६०० नग खपले पण होते!

आपल्याकडे तेव्हा लंगोट, नाहीतर पट्ट्यापट्ट्यांची नाडीवाली चड्डी. बडोद्यात तर प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर, मल्लखांब, कुस्ती, सगळं सयाजीरावांच्या काळापासून जोरात. तेल चोपडलेले लंगोटातले पुरुष चारचौघात एकमेकांना भिडायचे आणि बघणाऱ्यांच्या मनात हनुमान आणि ब्रह्मचर्य. सगळ्यांच्याच मनात तेवढंच असायचं का, हे विचारायची सोय नव्हती.

गंमत म्हणजे अमेरिकेतही व्यायाम हीच पळवाट ठरली. लॉस एंजेलिसच्या बॉब मायझरने १९४५ मध्ये अॅथलेटिक मॉडेल गिल्ड नावाचा स्टुडिओ काढला आणि १९५१ पासून ‘फिजीक पिक्टोरियल’ हे मासिक. नावाला बॉडीबिल्डिंग, घेणारे बहुतेक गे. पूर्ण नग्न फोटो टपालाने पाठवला तर तुरुंग, म्हणून मॉडेलच्या कमरेला पोझिंग स्ट्रॅप, आपल्या लंगोटाचाच चुलतभाऊ म्हणा, आणि त्या पट्ट्या शिवायची कोण तर मायझरची आई. म्हणजे पुरुषाने पुरुषाकडे बघायला कायद्याची जी काही परवानगी होती ती त्या वीतभर कापडाएवढी. १९६२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने अशी मासिकं अश्लील नाहीत म्हणून निकाल दिला तेव्हा कुठे जरा मोकळीक झाली.

लंडनला बिल ग्रीन म्हणून असाच एक फोटोग्राफर होता, त्याने १९५४ मध्ये कार्नबी स्ट्रीटजवळ ‘विन्स’ नावाचं दुकान टाकलं. तोकड्या ब्रीफ, घट्ट पँटी. आधी गे गिऱ्हाईक, मग नटमंडळी, मग सगळी तरुण पोरं, आणि पुढे फॅशनमध्ये हा क्रम कितीदा तरी दिसतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या गे बारमध्ये जॉकस्ट्रॅप हा खेळाडूंचा राहिलाच नव्हता, तो आपला पोशाख झाला होता, अंगावर मिरवायचा. आणि १९८२ मध्ये कॅल्विन क्लाइनने टॉम हिंटनॉस ह्या पोल व्हॉल्टरला पांढऱ्या ब्रीफमध्ये टाइम्स स्क्वेअरला टांगलं. ब्रूस वेबरने काढलेला फोटो, खालून वर बघणारा कॅमेरा, देवळातली मूर्ती जशी बघतो तसा. मायझरच्या मासिकात जे लपूनछपून बघितलं जायचं तेच आता भर चौकात. न्यूयॉर्कमध्ये बस स्टॉपच्या काचा फोडून लोकांनी ती पोस्टरं पळवली. आदल्याच वर्षी एड्सच्या पहिल्या बातम्या आल्या होत्या, गे शरीर म्हणजे आजार असं चित्र तयार व्हायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ठणठणीत शरीराचं हे चित्र, मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

आपल्या कंपन्यांनी शरीर उचललं पण नजर बदलली. फ्रेंचीच्या जाहिरातीत दलीप ताहिल आला, पुढे गुंडांना लोळवणारे हिरो आले, आणि बघणारी शक्यतो बाईच पाहिजे. २००७ मध्ये अमूल माचोच्या जाहिरातीत नवी नवरी घाटावर नवऱ्याची चड्डी धुते, त्यावर सरकारने बंदी घातली. बाईने बघितलं तर एवढा गोंधळ, पुरुषाने बघायचं तर नावच नको.

पण पुरुषाने बघितलेलं चित्र त्याच्या कितीतरी आधी बडोद्यातच तयार झालं होतं. चित्रकार भूपेन खक्कर, नोकरी अकाउंटंटची, १९६२ पासून इथेच. १९८१ चं त्यांचं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ बघा, गच्चीत उभा पाठमोरा माणूस, अंगावर चड्डीसुद्धा नाही, खाली गावाकडे बघतोय. पुढच्या वर्षी ‘टू मेन इन बनारस’. हिंटनॉसच्या पोस्टरच्याच काळातली ही चित्रं, पण खक्करांचे पुरुष म्हणजे पिकलेले केस, सुटलेलं पोट, बँकेत किंवा पानाच्या गादीवर भेटतील असे. तासलेल्या छातीवरच जीव जडतो असं कुठंय.

२०१८ मध्ये ३७७ चा निकाल लागला, म्हणजे समलिंगी संबंध हा गुन्हा उरला नाही, त्यानंतर सप्तरंगी इलास्टिकवाल्या चड्ड्या ऑनलाइन सर्रास मिळायला लागल्या, जॉकस्ट्रॅपसुद्धा. मॉडेल मात्र अजून हिंटनॉसच्याच घराण्यातले, खक्करांच्या चित्रांतल्या काकांना कुठल्याच ब्रँडने विचारलेलं दिसत नाही.