स्नेक प्लांट रात्री नेमकं काय करतं?

रात्रीही ऑक्सिजन देणाऱ्या झाडांच्या याद्या फोनवर सतत फिरत असतात. यादीत कधी सात झाडं असतात, कधी अकरा. पण कोरफड आणि स्नेक प्लांट यांची जागा पक्की. सोबत उशाशी ठेवलेल्या कुंडीचा फोटो आणि खाली ‘नासानेही मान्य केलंय’ अशी एक ओळ. गंमत म्हणजे या दाव्याच्या मागे खरोखरच फार सुंदर विज्ञान दडलेलं आहे. ही झाडं रात्री इतर झाडांपेक्षा वेगळं काहीतरी करतात, यात शंका नाही. पण ते ऑक्सिजन सोडणं नव्हे.

याच्या बरोबर उलट भीतीही जुनी आहे. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं, की वनस्पतींचे हिरवे भागच हवा सुधारतात आणि तेही उजेडातच; अंधारात त्याच वनस्पती हवा ‘बिघडवतात’. त्याचं निरीक्षण अचूक होतं. पुढे लोकांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला, की रात्री खोलीत झाड ठेवलं तर ते आपला ऑक्सिजन पळवतं. ब्रिटनमधल्या इस्पितळांत रात्र झाली की वॉर्डातल्या फुलदाण्या बाहेर नेऊन ठेवायची पद्धत बराच काळ होती. म्हणजे एका काळी कुंडी बाहेर काढायची घाई, आता ती उशाशी आणायची घाई. दोन्हींचा हिशोब मांडू, पण त्याआधी पानात शिरू. मला स्वतःला या विषयात खरा रस आहे तो तिथेच.

पानाच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. ही पर्णरंध्रं. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की पानातलं पाणी वाफ होऊन निसटतं. झाडाला या व्यवहारात मोठा तोटा सोसावा लागतो. बहुतेक झाडं एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. जिथे पाणी मुबलक आहे तिथे हे परवडतं. वाळवंटात, खडकावर किंवा दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, जिथे मुळांना धड माती नाही, तिथे भर दुपारी छिद्रं उघडी ठेवणं म्हणजे मरण.

मग निवडुंग, कोरफड, अननस, अनेक ऑर्किड, पानफुटी आणि आपला स्नेक प्लांट यांनी वेळच बदलून टाकली. ही झाडं पर्णरंध्रं रात्री उघडतात. हवा गार असते, दमट असते, बाष्पीभवन कमी होतं. तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडसाठी त्यांना ५० ते १०० ग्रॅम पाणीच खर्चावं लागतं. पण एक अडचण उरते. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायला लागणारी ऊर्जा उजेडातून येते आणि रात्री उजेड नाही. कच्चा माल दारात, कारखाना बंद. तेव्हा तो माल सकाळपर्यंत कुठेतरी साठवावा लागतो, आणि वायू तर साठवायला फार जागा खातो.

ही झाडं तो आम्लाच्या रूपात साठवतात. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड पेशीतल्या पाण्यात विरघळून बायकार्बोनेट होतो. एक विकर (एन्झाइम) ते तीन कार्बनच्या एका रेणूला जोडून देतं आणि चार कार्बनचा रेणू तयार होतो. त्याचंच पुढे मॅलिक आम्ल बनतं. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा या आम्लामुळेच असतो. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची मोठी पिशवी असते, तिच्यात रात्रभर हे आम्ल भरत जातं. पहाटेपर्यंत पान अक्षरशः आंबट होतं.

हे चाखून पाहणारा माणूसही इतिहासात आहे. बेंजामिन हाइन हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याच्या बागेत पानफुटी होती. तिची पानं सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात, असं त्याने एका पत्रात लिहिलं. ते पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. हातात ना मोजपट्टी ना उपकरण, नुसती जीभ. पण निरीक्षण इतकं नेमकं की आजही या विषयाच्या इतिहासात त्याचं नाव येतंच. (तुम्ही मात्र चाखू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. ती खाऊन गुरं दगावतात.)

सकाळ झाली की पर्णरंध्रं बंद होतात. आम्ल रिक्तिकेतून बाहेर येतं, फुटतं आणि बंद पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. आता उजेड आहे, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने साखर बनते. पानफुटीच्या कुळाचं नाव क्रॅसुलेसी. त्यावरून या सगळ्या प्रकाराला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम, थोडक्यात ‘कॅम’ म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. या साऱ्यात ऑक्सिजन कुठे आला?

खूप जणांच्या डोक्यात असं चित्र असतं, की झाड कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यातला कार्बन ठेवतं आणि उरलेला ऑक्सिजन सोडतं. तसं असतं तर रात्री कार्बन डायऑक्साइड घेणारं झाड रात्री ऑक्सिजन सोडतं, हा तर्क चुकीचा म्हणता आला नसता. पण सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये क्लोरेला या शेवाळावर एक प्रयोग केला. त्यांनी पाण्यातल्या ऑक्सिजनच्या काही अणूंच्या जागी ऑक्सिजन-१८ हा जड अणू घातला, म्हणजे त्या ऑक्सिजनवर खूण केली. बाहेर पडलेल्या वायूत ती खूण सापडली. झाडाने सोडलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसतो. तो पाण्यातला असतो.

आणि पाणी फोडणं सोपं काम नाही. पानातल्या हिरव्या कणांत, म्हणजे हरितलवकात, मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू यांचा एक छोटासा पुंज असतो. प्रकाशाचा एक कण शोषला गेला की या पुंजातून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो. असे चार इलेक्ट्रॉन गेले की पुंज दोन पाण्याच्या रेणूंकडून ती तूट भरून काढतो आणि ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. पिएर जोलियो यांनी १९६९ मध्ये हे फार देखण्या रीतीने दाखवलं. अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर त्यांनी उजेडाचे क्षणिक झोत एकामागोमाग एक टाकले आणि प्रत्येक झोतानंतर किती ऑक्सिजन निघतो ते मोजलं. पहिल्या झोताला जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्याला अगदी थोडा. तिसऱ्याला भरपूर. मग सातव्याला, मग अकराव्याला. दर चार झोतांनी एक उसळी. पहिली उसळी चौथ्याऐवजी तिसऱ्याला का, याचा उलगडा पुढच्याच वर्षी बेसेल कोक यांनी केला: अंधारातही बहुतेक पुंज एक पायरी आधीच चढून बसलेले असतात, शून्यापासून सुरुवात करत नाहीत. पुढे झोत वाढत गेले तसा हा ठेका विस्कटत जातो, कारण काही पुंजांचा नेम चुकतो, काही दोन पायऱ्या एकदम चढतात.

हा परिच्छेद जड गेला असेल तर सोडून द्या, एवढंच धरा: प्रकाशाचे कण नाहीत तर पाणी फुटत नाही, आणि पाणी फुटलं नाही तर ऑक्सिजन नाही. याला कॅम झाडंही अपवाद नाहीत. त्यांनी कार्बन डायऑक्साइड घेण्याची वेळ रात्रीवर ढकलली, ऑक्सिजन बनवण्याची वेळ मात्र दिवसाचीच राहिली. उलट रात्री तीही आपल्यासारखाच श्वास घेतात, म्हणजे ऑक्सिजन वापरतात.

मग उशाशी ठेवलेलं झाड धोक्याचं का? तेही नाही. आकडेच पाहा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४,००० लिटर हवा मावते. त्यात ऑक्सिजन सात हजार लिटरच्या थोडा वर. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १५ लिटर ऑक्सिजन वापरतो. दोघांचे आठ तासांचे झाले २४० लिटर. खोली पूर्ण हवाबंद आहे असं मानलं, तरी सकाळी ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून २०.३ टक्क्यांवर येतो. शरीराला पत्ताही लागत नाही. कुंडीतल्या एका झाडाचं रात्रीचं श्वसन तर माणसाच्या शेकडो पट कमी. तेव्हा ऑक्सिजन पळवणारं झाड आणि ऑक्सिजन पुरवणारं झाड, दोघांनाही निरोप द्यायला हरकत नाही. घरात ऑक्सिजनची टंचाई नसतेच.

टंचाई नसते, पण साचणं असतं. तेच दोघं जण तासाला २४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. हवाबंद खोलीत आठ तासांत त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत साडेपाच हजारांच्या वर जाईल. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. खरी खोली इतकी बंद नसते, फटींतून हवा येत-जात राहते; तरी दारं-खिडक्या लावून झोपलं की सकाळी दोन-अडीच हजारांचा आकडा सहज दिसतो. सकाळचं जडावलेलं डोकं आणि कोंदट वास हे या साचण्याचे सोबती. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच सुचवलं होतं, की घरातल्या हवेत हे प्रमाण एक हजाराच्या आत असावं. हा वायू एवढ्या प्रमाणात विषारी आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माणसांच्या उच्छ्वासाने हवा किती शिळी झाली, हे मोजायची ती त्यांची खूण होती.

कॅम झाड रात्री कार्बन डायऑक्साइड शोषतं हे तर आपण मान्य केलंच आहे. मग इथे ते कामाला येईल? पाव चौरस मीटर पानांचं, भरपूर उन्हात वाढलेलं जोमदार झाड धरलं, तर एका रात्रीत फार तर लिटरभर. दोघांनी सोडलेला वायू १९२ लिटर. घरातल्या मंद उजेडात झाडाचा हा लिटरही निम्म्याहून खाली येतो. याउलट खोलीतली हवा तासाला एकदापेक्षा थोडी जास्त वेळा बदलली, तर दोघं झोपलेले असतानाही आकडा हजाराच्या आसपास राहतो. थोडी उघडी खिडकी आणि समोरच्या बाजूला हवेला जायला वाट, एवढ्यावर हे अनेकदा जमतं.

नासाचं म्हणाल तर त्यांचा अहवाल खरा आहे. बिल वुल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तो लिहिला. अंतराळयानासारख्या बंद जागेतली हवा कशी स्वच्छ ठेवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. घनमीटरपेक्षाही लहान, घट्ट बंद पेट्यांमध्ये त्यांनी झाडं ठेवली, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, ट्रायक्लोरोएथिलीन अशा वाफा आत सोडल्या आणि २४ तासांत त्या किती घटल्या ते पाहिलं. घटल्या, आणि त्यात मुळांभोवतीच्या मातीतल्या जिवाणूंचाही वाटा मोठा होता. रात्रीच्या ऑक्सिजनचा या अहवालाशी काही संबंध नाही. आणि तुमचं घर घट्ट बंद पेटी नाही. घरात एकीकडून वाफा येत राहतात, दुसरीकडून हवा बदलत राहते. तिथे कुंडीचं योगदान म्हणजे नळ चालू असलेली टाकी चमच्याने उपसणं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचे ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं त्यांना आढळलं. बसायचं कुठे, हे ज्याने त्याने ठरवावं.

तेव्हा घरातली हवा सुधारायची असेल तर आधी घाण आत येण्याचे मार्ग कमी करायचे. नवा रंग आणि प्लायवूडचं नवं फर्निचर आणलं की पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवणं, गॅस पेटलेला असताना एक्झॉस्ट लावणं, बंद खोलीत डासांची कॉइल न जाळणं. बाहेर धूर किंवा वाहनांची वर्दळ असेल तर खिडकी उघडायची वेळ बदलावी. बाहेरची हवा नेहमीच चांगली असते असं नाही. ‘नैसर्गिक सुगंध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांबद्दल एवढंच, की निसर्गातून आलेली वाफही वाफच असते.

झाडं मात्र जरूर ठेवा. कॅम झाडांना पाणी फार कमी लागतं, का ते वर आलंच. ती मरतात ती बहुधा लाडाने, म्हणजे रोज पाणी घातल्यामुळे मुळं कुजून. माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी घालू नये. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर स्नेक प्लांट उंचावर ठेवा, त्याची पानं चघळली तर उलट्या होऊ शकतात.

आणि घरात शाळेतली मुलं असतील तर हाइनचा प्रयोग जिभेशिवाय करता येतो. आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या आणा. पानफुटीचं एक पान उजाडायच्या आत तोडा, रस पिळून पट्टीवर टेकवा. त्याच झाडाचं दुसरं पान संध्याकाळी तोडून तसंच करा. दोन पट्ट्यांच्या रंगात फरक दिसायला हवा, सकाळची जास्त आम्लाची. हाच खेळ कॅम नसलेल्या जास्वंदीच्या पानावर केला तर असा फरक दिसू नये. मुलं एवढ्यावर थांबली नाहीत तर पानफुटीच्या दोन कुंड्या घ्या. एक सकाळी उन्हात ठेवा, दुसरी दिवसभर अंधाऱ्या कपाटात. संध्याकाळी दोन्हींची पानं तपासा. कपाटातल्या पानातलं आम्ल बरंचसं तसंच शिल्लक असायला हवं, कारण उजेडाविना ते वापरायचं कामच मंदावतं.