डीटीपीवाला अपग्रेडला हात का लावत नाही

नवा कॉम्प्युटर घेतला, हौसेने जुनी लग्नपत्रिकेची फाइल उघडली आणि वधूवरांच्या नावांच्या जागी टोप्या-टिंबवाल्या परकी अक्षरांची रांग आली. मराठी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानांची जुळणी, करणाऱ्याला हे दृश्य नवे नाही. ‘फॉन्ट टाकायचा राहिलाय’ म्हणत तो खणातली सीडी शोधू लागतो. पण दुखणे त्या एका फॉन्टपुरते नाही.

आल्डस कंपनीचे पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर १९८५ साली मॅकिंटॉशवर आले. १९९४ मध्ये अडोबीने आल्डसच विकत घेतली. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत पेजमेकरच्या जोडीला मराठी टायपिंग आणि फॉन्टचे पॅकेज बसले: पुण्याच्या मॉड्युलरचे श्रीलिपी किंवा सरकारी सी-डॅकचे आयएसएम. गोम अशी की पेजमेकरला मराठी कधी कळलीच नाही. त्याच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच होता. त्या अक्षरांच्या घरांत फॉन्टने देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. घरे अवघी २५६, जोडाक्षरे ढीगभर. मग खिळ्यांच्या जुळणीसारखी युक्ती निघाली: अर्धा म एका घरात, उभा दांडा दुसऱ्या घरात, दोन्ही शेजारी ठेवले की पूर्ण म. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्यामुळे एका पॅकेजमधली ‘सप्रेम नमस्कार’ दुसऱ्यात नेली की कचरा.

मजकूर साठवण्यासाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले होते. त्याच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावरून युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाने, आपल्या पहिल्याच आवृत्तीत, तीही १९९१ चीच, देवनागरीला जागा दिली. म्हणजे कागदावर प्रश्न तेव्हाच सुटला होता! टेबलावर यायला विंडोज २००० आणि एक्सपी उजाडावे लागले. एक्सपीतही देवनागरी आपोआप चालू नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, की मशीन मूळ सीडी मागणार. ती सहसा दुकानदाराकडेच राहिलेली असे. तोवर ‘शिवाजी’मधली पहिली वेलांटी श सोडून त्याच्या उजवीकडे लटकलेली दिसायची.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ मध्ये आली. तिलाही युनिकोड कळत नव्हते. लेखक ईमेलने युनिकोडमध्ये मजकूर पाठवू लागले आणि एकाच टेबलावर दोन मराठी नांदू लागल्या. मध्ये एकीचे दुसरीत रूपांतर करणारे कन्व्हर्टर आले. त्यांची खरी परीक्षा रफाराला. जुन्या फॉन्टमध्ये ‘कार्यालय’ डोळ्यांना दिसते तसे साठते, आधी या आणि मग वरचा रफार. युनिकोडमध्ये र आधी यायला हवा. वेलांटीचे नेमके उलट. कन्व्हर्टर चुकला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. दोनशे पानांच्या पुस्तकात हे हुडकणे म्हणजे नव्याने प्रूफ वाचणेच.

पेजमेकरची गादी चालवायला आलेले इनडिझाइन १९९९ चे. पण त्यात देवनागरी नीट जुळू लागली ती २०१२ च्या सीएस६ मध्ये. पुढच्याच वर्षी अडोबीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवून भाडे सुरू केले आणि त्या नव्या आवृत्त्यांनी पेजमेकरच्या फाइली उघडायचेही सोडले. म्हणजे जुनी फाइलही उघडेल आणि युनिकोडही जुळेल, असा पूल एकाच आवृत्तीचा. त्यातही उघडलेल्या फाइलीतला मजकूर जुन्या फॉन्टचाच राहतो, तो वेगळा बदलावा लागतोच.

यात डोंगल राहिलेच. मराठी पॅकेजांबरोबर येणारे, मशीनला लावल्याशिवाय पॅकेज चालू न देणारे हे कुलूप आधी प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागायचे. ते पोर्ट नव्या मशीनवरून गेले. ३२ बिटी विंडोजचे ड्रायव्हर ६४ बिटीवर चालत नाहीत, म्हणून नुसते विंडोज बदलले तरी कुलूप बंद आणि पॅकेजही बंद. त्या पॅकेजची नवी आवृत्ती पुन्हा विकत घ्यायची.

मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा अपडेटचा आधार ८ एप्रिल २०१४ ला काढला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात कोपऱ्यातले एक्सपीचे मशीन अजून चालू आहे, इंटरनेटची वायर काढून, मागे ते रुंद डोंगल खोचलेले. जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली त्याच्यावरच उघडतात. परवा त्याची हार्ड डिस्क आवाज करू लागली, तेव्हा मालकाने नवे मशीन नाही, तसलीच जुनी डिस्क शोधायला माणूस पाठवला.