कराटे किड, द : चित्रपटातील गीते

जॉन जी. अ‍ॅव्हिल्डसन दिग्दर्शित अमेरिकन क्रीडापटातील (१९८४) पॉप व रॉक गीते आणि त्यांची ध्वनिमुद्रिका. ती कॅसाब्लांका कंपनीने त्याच वर्षी काढली. डॅनियल हा मुलगा मियागी या गुरूकडून कराटे शिकून स्पर्धा जिंकतो, एवढे कथानक येथे पुरे. पार्श्वसंगीत बिल काँटी यांचे आहे. अ‍ॅव्हिल्डसन व काँटी ही जोडी ‘रॉकी’ या मुष्टियुद्धपटापासूनची (१९७६). काँटींच्या वाद्यवृंदात पॅन फ्लूट हे ओळीने जोडलेल्या नळ्यांचे वाद्य रुमानियन वादक गेओर्गे झामफिर यांनी वाजवले. मूळ ध्वनिमुद्रिकेत मात्र गीतेच होती. पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे निघायला २००७ साल उजाडले.

ध्वनिमुद्रिकेतील निवड विसंगत वाटते. ‘सर्व्हायव्हर’ या गटाचे ‘द मोमेंट ऑफ ट्रूथ’, पॉल डेव्हिस यांचे ‘(इट टेक्स) टू टू टँगो’ आणि लीड्सच्या ‘गँग ऑफ फोर’ या डाव्या विचारांच्या गटाचे ‘डिझायर’ एकाच तबकडीवर नांदतात. चित्रपटात ठळकपणे वाजणारे ‘बनानारामा’ या गायिकांच्या गटाचे ‘क्रूएल समर’ त्यात नाही. अमेरिकेत हेच गीत पुढे त्याच वर्षी लोकप्रिय गीतांच्या बिलबोर्ड यादीत ९ व्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे या चित्रपटाचे सर्वाधिक खपलेले गाणे त्याच्या ध्वनिमुद्रिकेबाहेरच राहिले.

‘यू आर द बेस्ट’ : रचना काँटी व अ‍ॅली विलिस यांची, गायक जो ‘बीन’ एस्पोझिटो. (एल्व्हिस प्रेस्ली यांच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहणारे जो एस्पोझिटो वेगळे, दोघांची गल्लत होते.) एस्पोझिटो ‘ब्रुकलिन ड्रीम्स’ या त्रयीतील एक, गायिका डोना समर यांच्याबरोबरचे ‘हेवन नोज’ (१९७९) हे या त्रयीचे गाजलेले गीत.

या गीताच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. एस्पोझिटो यांच्या सांगण्यानुसार ते ‘रॉकी ३’साठी (१९८२) तयार झाले होते, पण ‘रॉकी’पटांचे नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी ‘सर्व्हायव्हर’चे ‘आय ऑफ द टायगर’ पसंत केल्याने बाजूला पडले. याला गीतातूनच पुष्टी मिळते, असे पुष्कळांना वाटते. इतिहासाची पुनरावृत्ती होते अशा अर्थाची एक ओळ त्यात आहे. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेल्या डॅनियलला ती लागू पडत नाही. गमावलेले जेतेपद परत मिळवणाऱ्या रॉकीला नेमकी लागू पडते. ‘रॉकी ३’चे पार्श्वसंगीतही काँटींचेच, ही बाबही याच बाजूची. दुसरीकडे, ‘आय ऑफ द टायगर’ची स्टॅलोनप्रणीत हकिकत अशी : ‘क्वीन’ या रॉक गटाच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ची परवानगी न मिळाल्याने त्यांनी ‘सर्व्हायव्हर’कडे नवे गीत मागितले. तिच्यात एस्पोझिटोंच्या गीताला जागा नाही. तथापि दोन्ही हकिकती परस्परांना छेद देतातच असे नाही. गीत ‘फ्लॅशडान्स’साठी (१९८३) होते व मायकेल सेम्बेलो यांच्या ‘मेनिअ‍ॅक’मुळे गळाले, असाही एक पाठभेद आढळतो. तो कमी विश्वसनीय वाटतो. ‘फ्लॅशडान्स’च्या ध्वनिमुद्रिकेत एस्पोझिटोंचे ‘लेडी, लेडी, लेडी’ आहे. त्यावरून हा समज निघाला असावा. एकंदरीत, गीताचा पहिला आराखडा १९८२ च्या सुमाराचा असण्याची शक्यता अधिक.

गायक पीटर सेटेरा यांच्या गीताचे प्रकरणही याच धाटणीचे. ‘कराटे किड’च्या दुसऱ्या भागातील (१९८६) त्यांचे ‘ग्लोरी ऑफ लव्ह’ ‘रॉकी ४’साठी लिहिलेले व तेथे नाकारलेले, असे सांगितले जाते. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याला ऑस्कर नामांकनही मिळाले. रॉकीने टाकलेले कराटे किडने उचलले, असे थट्टेने म्हणता येईल.

दृश्ययोजना : त्या काळच्या क्रीडापटांत गीत वाजायचे ते सरावाच्या माँटाजवर, म्हणजे झरझर जोडलेल्या तुकड्यांच्या दृश्यमालेवर. येथे मोटार पुसणे, कुंपण रंगवणे, फरशी घासणे अशा कामांतून मियागी देतात ती सगळी तालीम गाण्याशिवाय होते. मियागींच्या वाट्याला झामफिर यांच्या पॅन फ्लूटची फुंक येते. एस्पोझिटोंचे गीत स्पर्धेसाठी राखून ठेवले आहे. प्राथमिक फेऱ्या, पंचांचे इशारे, जमिनीवर आदळणारे खेळाडू, पुढे सरकणारी नावे हे सारे एकाच गीतावर भराभर उरकले जाते. उपांत्य फेरी लागताच गाणे थांबते, म्हणून बॉबी या प्रतिस्पर्ध्याने डॅनियलच्या गुडघ्यावर केलेला बेकायदा प्रहार नुसत्या पायाच्या आवाजानिशी अंगावर येतो. गीत एरवी बाळबोध आहे : तूच श्रेष्ठ, हे ध्रुवपद पुन्हापुन्हा, खाली इलेक्ट्रॉनिक ड्रम. तरीही संकलनाशी त्याचा सांधा इतका घट्ट बसला आहे की ते दृश्यापासून सुटे करून ऐकले तर निम्मे उतरते. त्या काळी ते फारसे खपले नाही. त्याची आजची ख्याती बरीचशी विडंबनातून आली. ‘साउथ पार्क’ मालिकेच्या ‘द लूझिंग एज’ (२००५) या भागात ते बेसबॉलच्या मैदानावर हाणामारी करणाऱ्या एका बापाच्या मागे वाजते.