चमच्याचा वास

"डॉक्टर, दातांचं काही नाही हो. पोटातनं येतोय वास. एखादी गोळी द्या की." निपाणीकडच्या एका आजींनी खुर्चीत बसता बसताच निदान सांगून टाकलं. नातू म्हणाला होता, "आजी, लांबनं बोल." सुनेला वर्षभर कळत होतं, पण सासूला सांगणार कोण?

बेळगावात दातांचा दवाखाना चालवताना ही तक्रार मराठीत 'तोंडाला वास मारतोय' आणि कन्नडमध्ये 'बायी वासने' अशी कानावर येते. पोटावरचा संशय मात्र दोन्ही भाषांत सारखाच. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे ढेकर सोडली तर पोटातली हवा सारखी वर येत नाही. टिकून राहणारा वास दहापैकी आठ-नऊ जणांच्या तोंडातच तयार होतो.

त्याचा कारखाना असतो जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या फटींत. तिथे प्राणवायू पोचत नाही आणि तेच काही जिवाणूंना मानवतं. गळून पडलेल्या पेशी, लाळेतली आणि अन्नातली प्रथिनं हे त्यांचं खाणं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड (हाच तो सडक्या अंड्याचा वास) आणि मिथाइल मरकॅप्टन असे गंधकाचे वायू सुटतात. म्हणून एकादशीला काही न खाताही तोंडाला वास येतो. चावणं थांबलं की लाळ कमी होते, जिवाणूंचं खाणं मात्र तोंडातच असतं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटणारी लाळ झोपेत जवळजवळ आटते, त्यामुळे सकाळचा वास सगळ्यांनाच असतो. तो दात घासून, नाश्ता करून जात असेल तर काळजी सोडा.

स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, नाक सरावतं. तेव्हा तपासणी दुसऱ्याच्या नाकाने. गंधकाचे वायू मोजणारी यंत्रं आहेत, पण आजही मुख्य आधार डॉक्टरांच्या नाकाचाच. 0 ते 5 असे गुण देतात. येताना लवंग-वेलची चघळू नका, अत्तर लावू नका आणि दोन दिवस आधीपासून कांदा-लसूण बंद ठेवा. लसणातला एक वायू रक्तात जाऊन फुप्फुसातून बाहेर पडतो, तो कितीही ब्रश केलात तरी हटत नाही.

आधी रुग्णाने नाक दाबून तोंडाने श्वास सोडायचा, मग तोंड मिटून नाकाने. वास फक्त तोंडातून आला तर प्रश्न आमचा. फक्त नाकातून आला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा. टॉन्सिलच्या खड्ड्यांत साचलेले पांढरे खडेही त्यांनाच दाखवावेत. दोन्हीकडून आला तर साखर, मूत्रपिंड, यकृत तपासायला हवं. मग प्लास्टिकच्या चमच्याने जिभेचा मागचा भाग हलके खरवडून तो हुंगायचा. आजींच्या चमच्याने काय ते सांगितलं.

हिरडी आणि दात यांमधली फट निरोगी असेल तर 1 ते 3 मिलिमीटर भरते. आजींची काही ठिकाणी 6 होती. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडला होता आणि दोन्ही वेळा मिशेरी सुरू होती. तंबाखू पिकणाऱ्या भागात तव्यावर भाजलेली तंबाखू हेच दंतमंजन, ती हिरड्यांचं नुकसान करते हे पटवणं जड जातं. मी गालाच्या आतही नीट बघते, कारण तिथल्या पांढऱ्या चट्ट्याचं पुढे काय होऊ शकतं ते ठाऊक आहे. वासाच्या निमित्ताने का होईना, तोंड उघडलं हे बरं झालं.

"साफ केल्यावर दात हलतात म्हणतात की!" हलत नाहीत. किटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या झाल्या की तसं वाटतं, एवढंच.

घरचं काम थोडं आहे. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे. रात्रीचं चुकवू नये. दातांच्या फटींत दोरा किंवा बारीक ब्रश फिरवायचा. जिभली बहुतेकांकडे असते, पण ती पुढच्या टोकावरच फिरते. मागून पुढे, हलक्या हाताने ओढायची. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या सांगितल्या तेवढेच दिवस करायच्या, नाहीतर दात तपकिरी होतात. रक्तदाबाच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर ती गोळी ज्यांनी दिली त्यांना सांगा, स्वतः बंद करू नका. बडीशेपेचं म्हणाल तर ती वासावर पांघरूण घालते, बस.

खानापूरचा एक तरुण मात्र वेगळाच. तोंडावर रुमाल धरून बोलायचा, दिवसातून सहा वेळा ब्रश करायचा. मी हुंगलं, चमचाही हुंगला, काही नाही. असेही लोक असतात आणि त्यांचा त्रास खोटा नसतो. कधीकधी मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. सोबत बहीण होती, चमचा तिच्यापुढे धरला. तिने हुंगला आणि कपाळावर हात मारला, "चार वर्षं हेच सांगतोय रे तुला!"