रिव्हॉल्वर-पिस्तुलाचा परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि हत्यार बाळगण्याचे नियम

कपड्याआड पिस्तूल बाळगण्यासाठी भारतात वेगळा परवाना नसतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली स्वसंरक्षणासाठी जो परवाना मिळतो, त्यावरच हत्यार जवळ बाळगता येते. सार्वजनिक ठिकाणी मात्र ते पूर्ण झाकलेलेच असावे लागते. लग्नात कमरेचे रिव्हॉल्वर सर्वांना दिसेल असे लावून मिरवणारा परवानाधारक असला तरी नियम मोडतच असतो.

अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षे परवाना मिळत नाही. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून दिले असेल, तर त्याची मुदत चालू असेपर्यंत थांबावे लागते. गरीब माणसाला परवाना मिळत नाही हा समज चुकीचा आहे. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, असे शस्त्र अधिनियमाचे कलम १४ स्पष्ट सांगते.

अर्ज नमुना ए-१ मध्ये भरायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांनी तो पोलीस आयुक्तांकडे करायचा, बाकीच्यांनी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. आता परवान्याची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये होते आणि प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, मिळतो. तो नसलेला परवाना ग्राह्य धरत नाहीत. सोबत पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, हत्यार सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि एस-३ नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या प्रमाणपत्रात शारीरिक तंदुरुस्तीबरोबर मानसिक आरोग्याचा उल्लेख लागतो, तसेच अर्जदार दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही हेही लिहिलेले लागते. डॉक्टरांच्या साध्या लेटरहेडवरचा 'फिट' असा शेरा चालत नाही. आधार, रेशनकार्ड आणि वीजबिल यांवरचा पत्ता एकसारखा आहे ना, ते आधी बघा. अर्ज अडकायला तेवढी एक तफावत पुरते.

अर्जाचा खरा कस लागतो तो 'परवाना कशासाठी' या रकान्यात. 'जिवाला धोका आहे' एवढे लिहून काम भागत नाही. व्यवसायामुळे, नोकरीमुळे किंवा अन्य कारणाने जीव वा मालमत्ता राखण्याची खरी गरज आहे का, हे परवाना अधिकारी बघतात. सराफ असाल तर दुकानाची नोंदणी, कराची विवरणपत्रे आणि माल किंवा रोकड कोणत्या मार्गाने, किती वाजता नेता ते लिहा. धमकी आली असेल तर त्या वेळी ठाण्यात दिलेल्या तक्रारीची किंवा अदखलपात्र नोंदीची प्रत जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मुद्दाम केलेली तक्रार चौकशीत लगेच कळते.

त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. त्यासाठी नियमाने ३० दिवस आहेत. जबाब घेतला जातो, शेजारीपाजारी विचारपूस होते, ठाण्यातील गुन्हे नोंदी तपासल्या जातात. जुना गुन्हा, त्यातून अगदी निर्दोष सुटला असाल तरी, अर्जात लिहा आणि निकालाची प्रत द्या. माहिती दडवून मिळवलेला परवाना पुढे कधीही रद्द होऊ शकतो.

अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागता येतात. अपील ३० दिवसांत करायचे: जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे.

परवान्यावर कोणते हत्यार, किती काडतुसे आणि कोणते क्षेत्र हे तिन्ही लिहिलेले असते. दुकानात जाण्यापूर्वी ते नीट वाचा. सर्वसामान्य परवान्यावर बहुतेकांना .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल घेता येते. लष्करी ९ मिमी काडतूस चालवणारी हत्यारे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, म्हणजे सर्वसामान्य परवान्यावर ती मिळत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात. शेताच्या राखणीची बंदूकही त्यात धरली जाते.

जवळ बाळगताना हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (हत्यार ठेवायच्या म्यानात) किंवा पिशवीसारख्या आवरणात हवी. ती पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे. नुसते खिशात कोंबलेले रिव्हॉल्वर नियमालाही धरून नाही आणि धोक्याचेही आहे, कारण किल्ली किंवा नाणे ट्रिगरच्या कडीत अडकू शकते. ट्रिगर पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर घ्या. ते लावून आरशासमोर खाली वाका, खुर्चीत बसा, हात वर करा. शर्ट वर सरकून मूठ दिसली तर लांब शर्ट घाला किंवा होल्स्टरची जागा बदला. रिकाम्या हत्यारानेच हा सराव करा, आणि काडतुसे तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात खास परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. आनंदात हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विमानप्रवासात हत्यार केबिनमध्ये चालत नाही. ते रिकामे करून, एअरलाइनला आधी कळवून चेक-इन सामानात द्यावे लागते. गोळी झाडावीच लागली तर भारतीय न्याय संहितेतील खासगी बचावाचा हक्क गरजेपुरताच आहे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता असे ठरले, तर तो हक्क उरत नाही.

हत्यार चोरीला गेले किंवा हरवले तर ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवा. हत्यारासह ३० दिवसांहून जास्त काळ दुसरीकडे राहायला गेलात, तर जुन्या आणि नव्या दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवायचे असते. निवडणुकीत हत्यार जमा करण्याचा आदेश आला तर जमा करून पावती घ्या. ती पावती दाखवल्याशिवाय हत्यार परत घेताना अडचण येते.

परवान्याची मुदत आता पाच वर्षे आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान दोन महिने आधी द्या आणि पोच जपून ठेवा. मुदत संपली आणि नूतनीकरणाचा अर्जही केलेला नसला, तर हत्यार घरात ठेवू नका. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ सापडले तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैदेची तरतूद आहे.