कोल्हापूर की संभाजीनगर? अंतर सारखं, सहल वेगळी

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आधीचं औरंगाबाद, तेही जवळजवळ तेवढंच. जोडून तीन सुट्ट्या आल्या की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘यातलं कुठं?’ हा प्रश्न पडतोच. मग कुणीतरी म्हणतं, ‘कुठंही चला, दोन्हीकडे तेच आहे.’ कागदावर खरंच तसं दिसतं. इकडे अंबाबाई, तिकडे घृष्णेश्वर. इकडे पन्हाळा, तिकडे देवगिरी. चपला इकडे, पैठणी तिकडे. तांबडा रस्सा आणि नान-खलिया. जणू एकाच यादीच्या दोन प्रती.

दोन्हीकडे तीन-चारदा जाऊन आल्यावर माझं मत असं झालंय: कोल्हापूर हे राहायचं गाव आणि संभाजीनगर हे निघायचं. कोल्हापुरात तुम्ही जे बघायला जाता ते बहुतेक गावातच असतं, रिक्षाच्या अंतरावर. संभाजीनगरात ज्यासाठी जाता ते गावाबाहेर. वेरूळ ३० किलोमीटर पश्चिमेला, अजिंठा १०० किलोमीटर जळगाव रस्त्यावर. म्हणजे लॉज गावात आणि दिवस गाडीत. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

सोमवारचं आधी सांगते, कारण आम्ही त्यात सापडलो होतो. शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी. शनिवारी पोहोचलो, रविवारी वेरूळ पाहिलं, सोमवारी सकाळी सहाला उठून, सासूबाईंसाठी थर्मासमध्ये चहा भरून, अजिंठ्याला निघालो. फर्दापूरला पोहोचलो तर बसथांबा रिकामा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळ बंद असतं मंगळवारी. सुट्टी सरकारी असली तरी वार तोच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘चहा तरी पिऊन घेऊ.’ तेव्हापासून मी क्रम असा लावते: सोमवारी सुट्टी असेल तर अजिंठा आधी, वेरूळ शेवटी. फक्त श्रावण असेल तर सोमवारी घृष्णेश्वराला रांग लागते आणि ते देऊळ लेण्यांच्या अगदी जवळ. गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील.

अजिंठ्याला जाताना अडीच तास धरावेत. फर्दापूरच्या फाट्याला आपली गाडी सोडून तिथल्या बसने चारेक किलोमीटर आत जायचं, मग पायऱ्या. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर तीस लेणी. जुनी इसवी सनाआधीची, सातवाहनांच्या काळातली. पण आपण ज्या चित्रांसाठी जातो ती बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. पहिल्या लेण्यात पद्मपाणी. आत अंधार असतो, दिवे मुद्दाम मंद ठेवलेले, फ्लॅशला बंदी. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, आणि नेमके त्याच वेळात लोक ‘काही दिसत नाही’ म्हणून बाहेर पडतात. थांबा. आधी खांदा दिसतो, मग मुकुट, मग ते खाली झुकलेले डोळे. घाई असेल तर १, २, १६, १७ आणि शेवटचं मोठं २६, जिथं बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलंय, एवढी पाच नीट पाहा. तीसच्या तीस पाहणारी माणसं संध्याकाळी फक्त गुडघ्यांबद्दल बोलतात.

वेरूळचं गणित सोपं आहे. चौतीस लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सोळावं कैलास, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. डोंगर वरून खाली कोरत आणलाय, म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर. अंगणात उभं राहून हे डोक्यात शिरत नाही. बाजूच्या वाटेने डोंगरावर जाऊन वरून खाली बघितलं की शिरतं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन आतवर येतं. सकाळी देवगिरी आणि दुपारी वेरूळ हा क्रम म्हणून बरा, दोन्ही एकाच रस्त्यावर.

कोल्हापुरात असा एकही क्षण नाही, हे मान्य करायला हवं. कैलासासमोर उभं राहिल्यावर जे होतं ते न्यू पॅलेससमोर होत नाही. पण कोल्हापूर तसं बघायचं नसतंच. पहाटे तालमीत लाल मातीवर चाललेला जोर बघायचा. खासबाग या कुस्तीच्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसायचं. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपवारीत रोमचं जुनं क्रीडांगण पाहिलं आणि त्यावरून ही वाडग्यासारखी रचना सुचली, असं सांगतात. बसून बघा, कुठल्याही पायरीवरून हौदा दिसतो. मग मिसळ, आणि ती पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर. पुण्याची माणसं इथं वाद घालतात. घालू नये. कट वेगळा मागून घ्यावा आणि गप्प खावं. संध्याकाळी रंकाळा, रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. टाऊन हॉलच्या संग्रहालयात फारसं कुणी जात नाही, पण तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे, थेट रोमन व्यापारातून आलेली. पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा देव! माझ्या मुलाला अख्ख्या सहलीत तेवढंच आठवतं. तेवढंच आणि पांढरा रस्सा.

किल्ल्यांची तुलना मात्र खरी रंगते, कारण दोन्ही किल्ल्यांची गोष्ट वेढ्याची आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला, महिने गेले, आणि जुलैच्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज वेढा फोडून विशाळगडाकडे निसटले. घोडखिंडीत बाजीप्रभू. देवगिरीचं उलटं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादवांचा रामदेवराव गडावर होता आणि गड चढून घेणं जवळजवळ अशक्य. सगळ्या बाजूंनी तासलेला कडा, भोवती खंदक, आत अंधारी वाट. गोष्ट अशी सांगतात की वर नेलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, आणि रामदेवरावाला तह करावा लागला. पन्हाळ्याची अंबरखान्याची धान्यकोठारं बघताना मला दरवेळी ती मिठाची पोती आठवतात. अंबरखान्यात शिरलं की वर बघत राहावं अशी उंची, आणि हे सगळं फक्त धान्यासाठी.

व्यवहाराचं म्हणाल तर पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते. वस्ती आहे, नगरपालिका आहे, झुणका-भाकर आहे. आजी-आजोबा तीन दरवाजापर्यंत आरामात येतात. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं त्यात पन्हाळा आहे, त्यामुळे गर्दी आणखी वाढणार. देवगिरीला मात्र शेकडो पायऱ्या आणि वटवाघळांची अंधारी. गुडघे दुखणाऱ्यांनी चाँद मिनारपाशी सावलीत बसावं आणि चढणाऱ्यांचे फोटो नंतर बघावेत.

ऋतूही बघा. पावसाळ्यात, म्हणजे १५ ऑगस्टच्या आसपास, माझं मत संभाजीनगरला. वेरूळच्या २९ व्या लेण्याशेजारी धबधबा, अजिंठ्याचा अख्खा नाल हिरवा. कोल्हापूरला पंचगंगेला पूर आला की शिरोलीपाशी महामार्गच बंद पडतो, २०१९ आणि २०२१ ला तसं झालं होतं. एप्रिल-मेमध्ये उलट. मराठवाड्याच्या उन्हात दगड तापतात, मुलं रडतात, तेव्हा संभाजीनगर नकोच. थंडीत मात्र निवड अवघड. तिकडे शेतावर हुरडा, इकडे गुऱ्हाळं चालू आणि गरम काकवी. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याची किरणं गाभाऱ्यात येतात, आधी पायांवर, मग कमरेवर, मग मुखावर, आकाश निरभ्र असेल तर. सुट्टी त्याला जोडून आली तर दुसरा विचार करू नये.

मुंबईकरांचा हिशोब थोडा वेगळा. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून त्यांना संभाजीनगर जवळ आलंय. कोल्हापूरला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बरी, सकाळी उतरून थेट दर्शनाला. पुण्याहून मात्र दोन्हीकडे रस्ताच, आणि लाँग वीकेंडच्या शुक्रवारी दोन्ही रस्ते सारखेच वाईट. संभाजीनगरकडे वाघोली ते शिक्रापूर, कोल्हापूरकडे खंबाटकी.

परवा पुतणीचा फोन आला. ‘काकू, शुक्रवार ते रविवार सुट्टी आहे, आई येतेय, कोल्हापूर की संभाजीनगर?’ वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झालेत. म्हटलं, कोल्हापूर. शुक्रवारी अंबाबाईला गर्दी असते, तेव्हा दर्शन शनिवारी पहाटे उरका. रविवारी जोतिबाला जाऊ नका, तो त्याचा वार. त्यापेक्षा खिद्रापूरला जा. साठेक किलोमीटर आहे, पण कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध उघडं आहे, वहिनींना खांबाला टेकून नुसतं वर बघत बसता येईल. येताना नरसोबावाडीची बासुंदी आणा.

‘मग अजिंठा?’

म्हटलं, अजिंठा पुढच्या वेळी. तेव्हा मला आधी फोन कर, वार मी बघते.