गोळीत तीस लाख नॅनोग्रॅम? रॅनिटिडीन आणि जीसी-एलसी वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०१९. रॅनिटिडीन या आम्लपित्तावरच्या औषधाच्या गोळ्यांमध्ये एनडीएमए हे नायट्रोसामाइन, म्हणजे कर्करोगाचा संशय असलेल्या गटातलं रसायन, सापडल्याची बातमी अमेरिकेतून आली. तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेने दिलेला आकडा गोळीमागे तीस लाख नॅनोग्रॅमच्या वर होता. दिवसाकाठी चालेल असं धरलेलं प्रमाण आहे ९६ नॅनोग्रॅम. वर्तमानपत्रांनी या दोन आकड्यांचा भागाकार केला आणि मथळे लावले. मेथड, म्हणजे तपासणीची पद्धत, बसवण्यात ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांनी मात्र आधी विचारलं, हेडस्पेसचा (जीसीवर बंद बाटलीतला नमुना तापवून वरची वाफ तपासण्याच्या तंत्राचा) ओव्हन किती अंशांवर होता?

१३० अंशांवर होता.

हा प्रश्न का सुचावा, हे समजायला फार मागे जायला नको. क्रोमॅटोग्राफी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याची कला; तिची वॉर्साची १९०३ ची खडूची नळी आणि पानांतले रंग पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतातच. कामाचा धागा सुरू होतो १९४१ पासून. त्या वर्षीच्या विभाजन क्रोमॅटोग्राफीवरच्या इंग्लंडमधल्या निबंधात दोन सूचना जाता जाता केलेल्या होत्या. वाहतं माध्यम द्रवाऐवजी वायूही चालेल, ही एक. कण बारीक करून दाब वाढवला तर वेगळेपण सुधारेल, ही दुसरी. पहिलीची जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) झाली १९५२ मध्ये. दुसरीची आजची एलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) व्हायला योग्य पंप आणि योग्य सिलिका मिळेपर्यंत साठचं दशक संपत आलं. म्हणजे दोघी एकाच घरच्या, पण थोरली बरीच आधी कमावती झाली.

औषधांच्या कामात मात्र धाकटीने बाजी मारली. बहुतेक औषधं तापवली की उडत नाहीत, जळतात किंवा तुटतात. सत्तरच्या दशकात सी-१८ कॉलम (घटक वेगळे करणारी भरलेली नळी) हाताशी आल्यावर ॲसे (औषधाचं प्रमाण) आणि इम्प्युरिटी (अशुद्धी) ही कामं एलसीकडे गेली. जीसीकडे उरले रेसिड्युअल सॉल्व्हंट, म्हणजे औषधात मागे राहिलेले द्रावक. नमुना विरघळवायचा, व्हायलमध्ये घालायचा, ॲल्युमिनियमची टोपी क्रिंप करायची, ओव्हनमध्ये तापवायचं आणि वर जमलेली वाफ सुईने उचलायची. मिथेनॉल, टोल्युइन, डायक्लोरोमिथेनसाठी याहून सोयीचं काही नाही. तारापूरचा औषध कारखाना असो की वेर्ण्याचा, जीसीच्या टेबलापाशी गेलं की रोजचं काम हेच दिसतं. औषधाचा रेणू स्वतः त्या व्हायलमध्ये काय भोगतोय, याकडे कुणी बघायचं कारण नव्हतं, कारण मोजायचं होतं ते सॉल्व्हंट.

ही सवय २०१८ मध्ये नायट्रोसामाइनच्या दारापर्यंत आली. जुलैमध्ये चीनमधल्या एका कारखान्याच्या व्हलसार्टन या रक्तदाबाच्या औषधामध्ये एनडीएमए निघालं. २०१२ मध्ये तिथली प्रक्रिया बदलली होती. डीएमएफ हे सॉल्व्हंट आणि सोडियम नायट्राइट या दोघांची तिथे गाठ पडली होती. नेहमीच्या एचपीएलसी-यूव्हीला (अतिनील प्रकाशाने मोजणाऱ्या एलसीला) हे इतकी वर्षं दिसलं नाही यात आश्चर्य नाही. त्या मेथड शेकडा ०.०५ ते ०.१ च्या पातळीसाठी बसवलेल्या, आणि हे प्रकरण पीपीएमचं, म्हणजे दहा लाखांत काही भागांचं. एनडीएमए छोटं आणि उडणारं, त्यामुळे जीसी-एमएस (रेणूचं वस्तुमान मोजणारा डिटेक्टर जोडलेली जीसी) आणि हेडस्पेस ही निवड सरळच होती. नियामकांनी स्वतः तशी मेथड प्रसिद्ध केली. सार्टन गटातली औषधं उष्णता सोसतात, म्हणून ती चाललीही.

रॅनिटिडीनचं तसं नाही. त्याच्या रेणूत एका बाजूला डायमिथाइलअमाइन आहे आणि दुसऱ्या टोकाला नायट्रो गट. एनडीएमएला लागणारं सगळं सामान घरातच. रॅनिटिडीन हायड्रोक्लोराइडचा वितळणबिंदू १४० अंशांच्या आसपास, आणि वितळताना ते विघटितही होतं. अशा पदार्थाला बंद व्हायलमध्ये १३० अंशांवर ठेवल्यावर जे निघतं ते गोळीतलं किती आणि ओव्हनमधलं किती? अमेरिकी नियामकांचं उत्तर त्याच ऑक्टोबरमध्ये आलं. नमुना न तापवता एलसी-एचआरएमएसवर (वस्तुमान फार बारकाईने मोजणाऱ्या एलसीवर) चालवा. त्यांचे आकडे हजारो पटींनी खाली आले, मात्र काही गोळ्या ९६ च्या वरच राहिल्या.

इथे एक मुद्दा मला नेहमी अपुरा मांडलेला वाटतो. खासगी प्रयोगशाळेची ती जीसी मेथड व्हॅलिडेशनमध्ये (मेथड भरवशाची आहे का, या ठरलेल्या परीक्षेत) नापास झाली असती असं अनेक जण गृहीत धरतात. तसं म्हणायला आधार काय? एनडीएमएच्या स्टँडर्डवर लिनिॲरिटी (प्रमाण वाढेल तसं सरळ रेषेत वाढणारं उत्तर) उत्तम येते. सहा वेळा इंजेक्ट केलं तर आरएसडी (उत्तरांतला आपसातला फरक) मर्यादेत बसतो. ब्लँक (औषध न घालता चालवलेला नमुना) स्वच्छ, कारण ब्लँकमध्ये रॅनिटिडीनच नसतं! रिकव्हरी (मुद्दाम घातलेलं एनडीएमए किती परत सापडतं) काढताना नमुन्यात आधीच दिसणारं एनडीएमए वजा केलं जातं, म्हणजे ओव्हनने तयार केलेलं एनडीएमए त्या वजाबाकीत गुपचूप लपतं. तक्त्यातली प्रत्येक ओळ ‘पास’ म्हणेल आणि उत्तर चूक असेल. ही चूक गाठण्याचा मार्ग साधा होता: तोच नमुना ६०, ९० आणि १३० अंशांवर चालवायचा. तापमानाबरोबर उत्तर चढत गेलं, तर ते उत्तर गोळीचं नव्हे. रोबस्टनेसचा (परिस्थिती थोडी बदलली तरी उत्तर टिकतं का, याचा) विचार मेथड विकसित होत असतानाच करा, हे २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शकात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते पान बहुतेक ठिकाणी शेवटी, फाइल बंद करताना भरलं जायचं.

खासगी प्रयोगशाळेची बाजूही उडवून लावण्यासारखी नाही. रेणू मुळातच अस्थिर आहे, तापमान फक्त ते उघडं पाडतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. एप्रिल २०२० मध्ये नियामकांनी रॅनिटिडीन बाजारातून काढायला सांगितलं ते याच कारणाने. साठवणुकीत, विशेषतः खोलीपेक्षा जास्त उष्णतेत, एनडीएमए वाढत जातं असं त्यांनाच आढळलं. आकडा चुकीचा, संशय बरोबर. भारतात सप्टेंबर २०२२ मध्ये रॅनिटिडीनचं नाव अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून गेलं.

यावरून ‘जीसी वाईट, एलसी चांगली’ असा धडा काही ठिकाणी घेतला गेला. तोही लगेच तोंडघशी पडला. २०२० मध्येच मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या तपासणीत एका प्रयोगशाळेला एलसी-एचआरएमएसवर एनडीएमए जास्त दिसलं. नियामकांनी फेरतपासणी केली तेव्हा डीएमएफ आड येत असल्याचं कळलं. प्रोटॉन लागलेल्या एनडीएमएचं वस्तुमान ७५.०५५३, जड नायट्रोजनवाल्या डीएमएफचं ७५.०५७१. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर. कॉलमवर दोघं एकत्र बाहेर पडले आणि मास ॲक्युरसी (वस्तुमान जुळवण्याची मर्यादा) सैल ठेवली, की आलेखावरचं पीक एकच. इथे ओव्हन नव्हता. कॉलमवर वेगळं करायचं काम डिटेक्टरवर ढकललेलं होतं, आणि हा आळस महागड्या यंत्रासोबतच येतो.

त्यानंतर काम आणखी सरकलं. २०२१ पासून चर्चेत आली ती औषधाच्याच रेणूपासून बनणारी जड नायट्रोसामाइन. ती वाफ होऊन वर येत नाहीत, त्यामुळे जीसीचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी आपोआप मिटला. ट्रिपल क्वाड हे वस्तुमान मोजणारं महागडं यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या एमआयडीसीतल्या छोट्या युनिटांना नमुने बाहेर पाठवावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॅलिडेशनचा मार्गदर्शक सुधारला गेला आणि त्याला जोडूनच मेथड विकसित करण्यावर पहिल्यांदा स्वतंत्र मार्गदर्शक आला. रोबस्टनेसची कहाणी आता त्यात विकासाच्या भागात सांगायची आहे. तापमान का निवडलं, हे लिहायला त्यात जागा आहे.